तळं एकाच्या शेतात, पाणी कुणाच्या विहिरीतलं?

प्रश्न असा आहे: "धाराशिव जिल्ह्यातल्या काही गावांत मी वर्षभर हवामान अनुकूलनाचं, म्हणजे बदलत्या पावसाशी शेती जुळवून घेण्याचं, काम करतोय. शेततळी, ठिबक, बीबीएफवर (रुंद वाफा आणि सरीवर) पेरणी, कमी दिवसांत येणारे वाण, तांत्रिक बाजू सगळी बरोबर आहे. तरी गावात धुसफूस वाढलीय, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ती घरं यादीत दिसतच नाहीत. राजकारण बाजूला ठेवून हे काम कसं करायचं?"

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. राजकारण बाजूला ठेवून हे काम होत नाही. पाणी, जमीन आणि सरकारी पैसा या तिन्ही गोष्टी एका कामात एकत्र आल्या की कुणाला आधी, कुणाला किती, आणि कुणी थांबायचं, हे ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाही तर ते आपोआप ठरतं, आणि आपोआप ठरतं तेव्हा आधीच ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने ठरतं. मराठवाड्यात पाणलोटाच्या कामात मला 24 वर्षं झाली. त्यातली पहिली दहा वर्षं मीही उतार, माती आणि पाऊस मोजला की आपलं काम झालं असंच मानत होतो. ते चुकीचं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.

शेततळ्याचं घ्या. तुमच्या गावांतली धुसफूस बहुधा तिथूनच आलेली असणार. शेततळ्यामागची मूळ कल्पना चांगली आहे. पावसाळ्यात रानातून वाहून जाणारं पाणी खड्ड्यात अडवायचं, आणि सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला की तेच पाणी एक-दोनदा द्यायचं. पावसातले खंड लांबत चाललेत, म्हणून हे साधन. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली ती याच विचाराने. आता गावातल्या कुठल्याही तळ्याच्या काठावर जाऊन उभे राहा. ओढ्याचं किंवा रानाचं पाणी आत यायला चारी आहे का बघा. बहुतेक ठिकाणी नसते. चारही बाजूंनी उंच भराव, आत प्लास्टिकचा कागद, आणि काठावरून आत सोडलेला विहिरीचा नाहीतर बोअरचा पाइप, हेच दिसेल. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरींना पाणी असतं तेव्हा मोटार लावून तळं भरायचं आणि एप्रिल-मेमध्ये ते मोसंबीला, डाळिंबाला, द्राक्षाला द्यायचं.

हे करणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बाग उभी करायला चार-पाच वर्षं जातात. 2012 च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात वाळलेल्या मोसंबीवर कुऱ्हाड चालवताना मी माणसं पाहिली आहेत. ज्याने ते भोगलं तो पुढच्या वेळी पाणी साठवणारच. पण गावाच्या बाजूने हिशेब करा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे बारा हजार लिटरचे 180 हून जास्त टँकर. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याचा दिवसाला साधारण सेंटिमीटरभर थर उडून जातो. भरलेल्या तळ्यावर तेच रोजचं नऊ हजार लिटर होतं. जमिनीखाली असतं तर ते उडालं नसतं.

आणि जमिनीखालचं पाणी वेगवेगळ्या खात्यांवर ठेवलेलं नसतं. आपल्याकडे काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरमाड, झिजलेला थर आणि खालच्या भेगा. हा थर पातळ आहे, साठा थोडा आहे आणि बांध कुणाचा हे त्याला कळत नाही. सगळ्या गावाचा मिळून एक रांजण असावा आणि प्रत्येकाने पावसाळ्यातच आपापल्या घागरी भरून घरात नेऊन ठेवाव्यात, तसं होतं. ज्याच्याकडे मोठी मोटार, तीन फेजची लाइन आणि कागद घालायला पैसा, त्याची घागर आधी भरते.

जालना जिल्ह्यातल्या एका गावात मी स्वतः आखणी केलेली अकरा तळी होती, सगळी वरच्या अंगाला. खालच्या अंगाला एका विधवा बाईंची दीड एकर जमीन आणि चाळीस फुटांची जुनी विहीर होती. ती विहीर एरवी होळीपर्यंत पुरायची. तळी झाल्यावर तिसऱ्या वर्षी दिवाळीतच तळ दिसला. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, पाऊस तर तेवढाच पडला, मंग माझं पाणी गेलं कुठं?" मी त्यांना भूजलाची घट, पावसातली तूट असं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या अहवालात ते गाव यशस्वी म्हणून नोंदलं गेलं होतं, कारण आम्ही तळी मोजत होतो, खालच्या विहिरी मोजत नव्हतो. तज्ज्ञांच्या भाषेत याला चुकीचं अनुकूलन म्हणतात. त्या बाईंच्या बाजूने बघितलं तर त्यांच्यावरचं हवामानाचं संकट त्या वर्षी आभाळातून आलं नव्हतं, वरच्या शेतातून आलं होतं.

यावर कायदा नाही असं नाही. जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, ही समजूत इंग्रजांच्या काळातल्या 1882 च्या वहिवाट हक्कांच्या कायद्यापासून रुजलेली आहे. तिला छेद देणारा महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, अंमलात आला 2014 पासून. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. त्याआधीच्या 1993 च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नव्हती. तुमच्या गावांत बोअर किती फुटांवर गेलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. बोअरची गाडी आली की ती थांबवायची कुणी? ग्रामसेवक बदलून जाणारा असतो, शेजाऱ्याला उद्या त्याच माणसाच्या दारात ट्रॅक्टर मागायला जायचं असतं. कायदा गावात चालायचा तर त्याच्या मागे उभी राहणारी माणसं लागतात. ती जमवणं हे तुमचं काम आहे, आणि ते राजकीय काम आहे.

आता तुमच्या यादीकडे येऊ. ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ती घरं यादीत का नाहीत? कुणी मुद्दाम त्यांना वगळलं असेलच असं नाही. योजनेचे नियम वाचा. 'मागेल त्याला शेततळे'मध्ये अनुदान जास्तीत जास्त 50 हजार होतं आणि अट होती स्वतःच्या नावावर किमान 0.60 हेक्टर, म्हणजे दीड एकर जमिनीची. एकरभरवाला तिथेच गळाला. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 पासून मराठवाडा-विदर्भात चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे आपण पोकरा म्हणतो त्यात, बरंच चांगलं काम झालं. गावपातळीवर समित्या झाल्या, अर्ज ऑनलाइन झाले, पैसा थेट खात्यात आला, मधले दलाल कमी झाले. पण थेट खात्यात येणारा पैसा काम झाल्यावर येतो. आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशाने संच बसवायचा, बिल चढवायचं, जागेवर येऊन मोका तपासणी व्हायची, मग अनुदान. ज्याच्या हातात पन्नास-साठ हजार रोख नाहीत त्याची पूर्वसंमती तशीच पडून राहते, नाहीतर तो सावकाराकडे जातो आणि अनुदान येईपर्यंतचं व्याज भरतो. भ्रष्टाचार रोखण्यासाठी केलेली ही रचना गरिबाला दारातच अडवते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुम्हाला दोन्हींशी जुळवून काम करायचं आहे.

बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर, करणाऱ्यांची गोष्ट याहून अवघड. मालक लेखी करार देत नाही, कारण कूळकायद्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल याची, धास्ती दोन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. लेखी नाही म्हणून बटईदाराला अनुदान नाही, पीककर्ज नाही, नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने निघते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या पुरांनी शेतं खरडून नेली तेव्हा बियाणं, खत आणि चार महिन्यांची मजुरी गेली ती करणाऱ्याची. भरपाई कुणाच्या खात्यात गेली हे तुम्ही तुमच्याच गावांत विचारून बघा. काही मालकांनी निम्मी रक्कम बटईदाराला दिली, हेही मी पाहिलंय. पण ते त्यांच्या भलेपणावर होतं, हक्कावर नव्हतं.

बायकांचंही तसंच. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी, म्हणजे शेती चालवणारे म्हणून नोंद असलेल्यांपैकी, बायका सुमारे 14 टक्के होत्या. शेतातलं निम्म्याहून जास्त काम त्या करतात आणि दुष्काळात हंडाही त्यांच्याच डोक्यावर येतो, हे वेगळं सांगायला नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. त्या वेळी नावं लागलेल्या घरांत पुढे विम्याचा, अनुदानाचा कागद बाईच्या सहीने हललेला मी पाहिला. हल्लीच्या कामांतलं सांगायचं तर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर उभी राहिलेली स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था तुमच्याच भागात एक एकर शेतीचं काम करते. 2016 मध्ये त्यांना त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. कल्पना अशी की घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर रान बाईने मागून घ्यायचं आणि तिथे काय पेरायचं ते तिने ठरवायचं. बायका तिथे भाजीपाला, कडधान्य, ज्वारी असं कमी पाण्याचं आणि घरात खाता येईल असं पीक घेतात. पाऊस गेला तरी सगळंच्या सगळं जात नाही.

मला यातलं मागून घेण्याचं पाऊल फार मोठं वाटतं. वाण, गांडूळखत, तुषार सिंचन हे कुणीही शिकवू शकतं. पण "ह्या तुकड्यात काय लावायचं ते मी ठरवणार" हे सासऱ्यासमोर, दिरासमोर म्हणणं, हे त्या घरातलं सत्तांतर आहे. आधी मिळतो तो बहुतेक वेळा बांधाकडचा बरड कोपरा. तिथे दोन वर्षं भाजी दिसली की घरातला आवाज बदलतो. तुमच्या आराखड्यात 'महिला लाभार्थी' हा रकाना असेल. त्यातली किती नावं फक्त अनुदानाचा टक्का वाढावा म्हणून नवऱ्यांनी लावलीत ते तपासा, आणि अशा कोपऱ्यांसाठी बियाणं व पाण्याचा पाइप कसा देता येईल ते बघा.

भूमिहीनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्या आराखड्यांतही ते थोडक्यातच असतात, आणि ते मला खटकतं. पाणलोटात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करतो तेव्हा गवत वाढतं, माती थांबते. पण तीन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला पहिली दोन-तीन वर्षं पर्याय काय दिला? गायरानावर वर्षानुवर्षं कसणाऱ्या दलित, भटक्या कुटुंबांचं काय? त्यांच्यातल्या 14 एप्रिल 1990 पूर्वीच्या अतिक्रमणांना नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 चा आहे, तरी अनेकांची नावं अजून सातबाऱ्यावर लागलेली नाहीत. आता त्याच गायरानांवर सौर कृषी वाहिनीचे, म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज देणारे, प्रकल्प येताहेत. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच आहे, मी स्वतः तिच्यासाठी अर्ज लिहून दिलेत. पण जागा निवडताना तिथे आज कोण चारतं, कोण कसतं, हे विचारलं नाही तर हवामानाच्या नावाने सगळ्यांत आधी उठतील ती हीच घरं.

पुढची गोष्ट आपल्या हाताबाहेरची वाटते, तरी माहीत असायला हवी. आपत्ती कशाला म्हणायचं, हेही कुणीतरी ठरवतं. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. 60 पडला आणि सलग दहा दिवस रिमझिम लागून सोयाबीन जागेवर कुजलं तर अनेक वर्षं काहीच नव्हतं. 2023 मध्ये राज्याने सततचा पाऊसही आपत्तीत धरला, आणि ते मिळालं ते शेतकऱ्यांनी, त्यांच्या संघटनांनी, आमदारांनी लावून धरल्यामुळे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी आधी 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली, आणि मग काही दिवसांतच हजारच्या आसपास मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य झाली. त्या दहा-पंधरा दिवसांत पाऊस बदलला नव्हता. बोलणाऱ्यांचा आवाज बदलला होता. म्हणून तुमच्या मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र कुठे बसवलंय, ते चालू आहे का, याची माहिती गावाला द्या. माझ्या अनुभवात गावाने स्वतः मांडलेली पावसाची वही, तारीखवार, शाळेच्या मास्तरांच्या सहीनिशी, तहसीलमध्ये बोलते.

तुम्ही म्हणाल, मग समानतेने झालेलं काही आहे का? आहे, आणि आपल्याच राज्यात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथलं पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हतं, माणसांच्या प्रमाणात होतं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. हे नियम सोपे दिसतात, पण प्रत्येक नियमामागे कुणीतरी काहीतरी सोडलंय. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर बंद झाले, ऊस-केळी बंद झाली, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो. पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी, मोठ्या शेतकऱ्याचंही. आणि त्याच 1972 मधून रोजगार हमी आली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायला 1975 पासून सुरुवात झाली. मुंबईतला कारकून बीडच्या मजुराच्या बांधबंदिस्तीचे पैसे देत होता. हवामानाचा फटका ज्याला बसत नाही त्यानेही वाटा उचलायचा, हा विचार महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात उतरवला होता. नव्या कार्यशाळांत तो कुणी आठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या कामाचं. पुढच्या पावसाळ्याआधी एक दिवस काढा आणि गावाच्या नकाशावर तळी आणि विहिरी एकत्र मांडा. वरचं कोणतं, खालचं कोणतं, प्रत्येक विहीर पूर्वी कोणत्या सणापर्यंत पुरायची आणि आता कधी आटते. तारखा लोकांना आठवत नाहीत, सण आठवतात. हा नकाशा समितीच्या बैठकीत उघडू नका. आधी वस्तीवर, तांड्यावर, बायकांच्या गटात उघडा, तिथे जे बोललं जाईल ते पारावर बोललं जात नाही. मोठ्या बागायतदारालाही शत्रू ठरवू नका. त्याला बाहेर ठेवलं तर काम अडतं. त्याच्याशी एकट्याने बसा आणि तळं भरण्याचे दिवस गावाने ठरवावेत, ऐन पावसात जास्तीचं पाणी असेल तेव्हाच, एवढ्या एका गोष्टीवर या. नव्या तळ्याला पाणी आत घेणारी चारी असल्याशिवाय समितीने शिफारस करायची नाही, हा ठराव करून घ्या. रोख नसलेल्या घरांसाठी बचतगटाच्या निधीतून अनुदान येईपर्यंतची उचल मिळते का ते बघा. दोन गावांत आम्ही ते केलं आणि पैसे परत आले. बटईदारांसाठी मालकाची भीती जाईल असा, फक्त एका हंगामाचा संमतीचा साधा कागद तलाठ्यासमोर करता आला तर करा. सगळे मालक देणार नाहीत. काही देतात.

भांडण झालं तर घाबरू नका. पाण्याच्या वाटपावर उघड भांडण होणारं गाव मला शांत गावापेक्षा बरं वाटतं, कारण शांत गावात खालच्या विहिरीवाली बाई गप्प बसलेली असते.

आणि सभेची तारीख बघा. तुमच्या भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. जी घरं पाण्यावाचून सगळ्यांत आधी गाव सोडतात, तीच 26 जानेवारीच्या ग्रामसभेला गावात नसतात. 1 मेच्या सभेला असतात, 15 ऑगस्टला असतात. तुमच्या गावांचे आराखडे कोणत्या तारखेच्या सभेत मंजूर झालेत, ते इतिवृत्त काढून आधी वाचा.